धुरातून ताकद काढणारा माणूस

नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले, तर एक शब्द हमखास डोळ्यांसमोरून जातो. ट्रकच्या कपाळावर, जीपच्या दारावर, नव्या कोऱ्या मोटारीच्या पाठीवर तो लिहिलेला असतो. टर्बो! हा शब्द आता आपल्याकडे इतका रुळला आहे की घरातल्या धावऱ्या पोरालाही आजी कौतुकाने टर्बो म्हणते. पण टर्बो म्हणजे नेमके काय, आणि ती कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. रुडॉल्फ डिझेलचे नाव पेट्रोल पंपावर रोज घेतले जाते. आल्फ्रेड ब्यूखीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. इंजिनांच्या जगात त्याचे नाव मोठे आहे, पण त्याने दिलेली वस्तू घरोघर पोहोचली आणि तो मात्र पुस्तकातच राहिला.

त्याची आठवण आज काढण्याचे कारण तसे घरगुती आहे. हल्ली अनेक घरांत एक नवा हट्ट ऐकू येतो. कॉलेजात जाणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला घरच्या साध्या गाडीला टर्बो बसवायचा असतो. मोबाइलवर चित्रफिती पाहून त्याने सारे ठरवून टाकलेले असते. वडिलांना खर्चाची काळजी, आईला वेगाची. अशा घरातल्या प्रत्येकाने ब्यूखीचे आयुष्य एकदा वाचावे. टर्बोची भुरळ त्याच्याइतकी कोणालाच पडली नसेल, आणि त्याच्याइतकी वाटही कोणी पाहिली नसेल.

इंजिनांच्या गावात जन्म

आल्फ्रेड ब्यूखीचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर या गावी झाला. स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याला बर्फाचे डोंगर आणि घड्याळे आठवतात. विंटरथूरची ओळख मात्र वेगळी होती. ते यंत्रांचे गाव होते. तिथे सुल्झर बंधूंचा प्रचंड कारखाना होता. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. इचलकरंजीत आणि भिवंडीत ज्या मागांना लोक सुल्झर म्हणतात, ते याच घराण्याच्या नावाचे. आल्फ्रेडचे वडील योहान ब्यूखी याच कारखान्यात वरिष्ठ अधिकारी होते. वाफेची इंजिने, पंप, बॉयलर यांच्या गप्पा या मुलाने जेवणाच्या टेबलावरच ऐकल्या असणार.

योगायोग असा की ज्या वर्षी आल्फ्रेड जन्मला, त्याच वर्षी एक जर्मन विद्यार्थी सुल्झरच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. आजारपणामुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली होती आणि पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ तो प्रत्यक्ष काम शिकण्यात घालवत होता. तो विद्यार्थी म्हणजे रुडॉल्फ डिझेल. पुढे १८९८ साली सुल्झरने आपले पहिले डिझेल इंजिन बनवले, तेव्हा आल्फ्रेड एकोणीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याने झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात यंत्रशास्त्रासाठी नाव घातले आणि १९०३ साली तो इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

घरचा कारखाना दारात असताना तो लगेच तिथे चिकटला नाही. बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये त्याने नोकरी केली. परक्या कारखान्यांत, परक्या इंजिनांसमोर उभा असतानाच त्याला तो प्रश्न पडला, ज्याने पुढे त्याचे सारे आयुष्य व्यापले.

एक तृतीयांश कुठे जाते?

प्रश्न साधा होता. इंजिनात शंभर रुपयांचे इंधन जाळले तर त्यातले काम किती रुपयांचे होते? ढोबळमानाने पाहिले तर तिसरा हिस्सा कामी येतो, अनेकदा त्याहूनही कमी. तिसरा हिस्सा रेडिएटरचे पाणी तापवण्यात जातो. आणि उरलेला तिसरा हिस्सा गरम धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून आकाशात जातो. ब्यूखीची नजर या शेवटच्या हिश्श्यावर खिळली. त्या धुरात उष्णता असते, दाब असतो, वेग असतो. मग त्याला फुकट का सोडायचे?

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला ही विचारसरणी नवी वाटणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढे जिल्हाभर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. या कारखान्यांत उसाचा रस काढून उरलेले बगॅस बॉयलरमध्ये जाळतात. त्या वाफेवर टर्बाइन फिरते. आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ हवेत न सोडता तिच्यावरच उसाचा रस आटवतात. एकाच जाळावर दोन कामे. ब्यूखीला मोटारीच्या आणि जहाजाच्या इंजिनात हेच करायचे होते.

त्याने धुराच्या वाटेत एक पंख्यासारखे चक्र, म्हणजे टर्बाइन, बसवण्याचे ठरवले. धूर त्या चक्राला फिरवील. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असेल, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबील. इंजिनाला भूक असते ती मुख्यतः हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा-पंधरा किलो हवा लागते. इंधन कितीही ओतता येते, पण हवा कमी पडली तर काळा धूर तेवढा निघतो. हवा जास्त कोंबता आली तर तेवढ्याच आकाराच्या इंजिनात जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. धुराने इंजिनाला श्वास द्यायचा, असा हा उलटा व्यवहार.

या कल्पनेचे जर्मन पेटंट १६ नोव्हेंबर १९०५ या तारखेचे आहे. तेव्हा ब्यूखी अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्या पेटंटमधले यंत्र आजच्या टर्बोसारखे हुबेहूब नव्हते. हवा दाबणारे यंत्र, मूळ इंजिन आणि धुराचे टर्बाइन ही तिन्ही त्याने एकाच दांड्यावर ओवली होती. पण बीज तेच होते.

वीस वर्षांची तपश्चर्या

इथून पुढची गोष्ट पोराबाळांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पेटंट १९०५ चे आणि यश १९२५ चे. मधली वीस वर्षे ब्यूखीच्या हाती पडले ते मुख्यतः अपयश.

१९०९ साली तो सुल्झरमध्ये परतला आणि डिझेल इंजिनांच्या संशोधनात बुडाला. १९११ पासून त्याच्या कल्पनेवर प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाले. कागदावर जे सोपे दिसत होते ते लोखंडात उतरेना. लालभडक धुरात टिकेल असा धातू हाताशी नव्हता. चक्रांच्या पात्यांचा आकार नीट साधत नव्हता, त्यामुळे धुराने दिलेल्या ताकदीतली बरीचशी वाटेतच गळून जाई. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारे बेअरिंग टिकवणे ही आणखी एक डोकेदुखी. १९१३ च्या सप्टेंबरात रुडॉल्फ डिझेल इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. त्याच्यामागे कर्जाचा डोंगर होता. नव्या इंजिनाचा ध्यास माणसाला कुठे नेऊ शकतो, हे त्या काळच्या प्रत्येक इंजिनिअरने पाहिले.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. विमाने उंच जाऊ लागली आणि उंचावर हवा विरळ असल्याने त्यांची इंजिने गुदमरू लागली. १९१५ मध्ये ब्यूखीने आपल्या पद्धतीचे एक इंजिन तयार केले, ते या अडचणीवर उपाय म्हणूनच. पण ते भरवशाचे ठरले नाही आणि त्याला पाठिंबा मिळाला नाही.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस हे इंजिनिअर विमानांसाठी तसेच यंत्र बनवत होते. १९१८ साली मॉसने आपले इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,१०९ फूट उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर गेल्यावर २३० वर आले होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. कल्पना खरी होती हे सिद्ध झाले, पण शिखरावर दुसऱ्याच्या नावाने.

एखाद्याने अशा वेळी हात टेकले असते. ब्यूखी चिडला की खचला, हे आपल्याला माहीत नाही. त्याने काम सोडले नाही, एवढे मात्र नोंदींत दिसते. विमानांमागे न धावता त्याने जहाजांच्या आणि वीजघरांच्या संथ, जड डिझेल इंजिनांवर लक्ष ठेवले. १९२४ साली बाडेनच्या ब्राऊन बोव्हेरी या कंपनीतून मोठ्या डिझेल इंजिनासाठीचा पहिला दणकट टर्बो बाहेर पडला आणि विंटरथूरच्या आगगाडी इंजिनांच्या कारखान्याकडे गेला. १९२५ च्या सुमारास प्रॉयसेन आणि हान्झेस्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनांवर ही पद्धत वापरली गेली. १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ, आणि तीही फुकट जाणाऱ्या धुरातून! ब्यूखी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता.

धुराचे ठोके

यशाचे गमक केवळ चांगल्या धातूत नव्हते. ब्यूखीने इंजिनाचा धूर बारकाईने पाहिला होता. तो नळाच्या पाण्यासारखा अखंड वाहत नाही. प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला की धुराचा एक जोरकस ठोका बाहेर येतो. सगळे सिलिंडर एकाच मोठ्या पाइपात सोडले तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या वाटेत येतो. म्हणून १९२५ च्या पेटंटमध्ये त्याने सिलिंडरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचा धूर वेगळ्या पाइपाने टर्बाइनपर्यंत नेला. आता प्रत्येक ठोका पुऱ्या जोराने चक्रावर आदळू लागला. आज काही गाड्यांच्या टर्बोत धुरासाठी दोन वेगळ्या वाटा असतात, त्यामागे हाच विचार आहे.

१९२६ साली ब्यूखीने सुल्झर सोडले आणि आपल्या नावाचा संघ काढला. इंजिने विंटरथूरचा कारखाना बनवी, टर्बो ब्राऊन बोव्हेरी बनवी, आणि तंत्राची व गिऱ्हाइकांची बाजू ब्यूखी सांभाळी. देशोदेशीच्या कारखान्यांनी परवाने घेतले. १९३८ साली स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने टर्बोचे इंजिन ट्रकसाठी आणले, आणि त्याच वर्षी झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने आपल्या या माजी विद्यार्थ्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने टर्बोच्या जोरावर उंच आकाशात गेली. आगगाडीची डिझेल इंजिने टर्बोवर धावू लागली.

आपल्या दौंड-मनमाड मार्गावरून प्रवास केलेल्या जुन्या मंडळींना ती इंजिने आठवतील. डब्ल्यूडीएम-२ या नावाचे, २६०० अश्वशक्तीचे ते इंजिन गाडी उचलताना काळ्या धुराचा लोट सोडी आणि थोड्या वेळाने त्याची शिट्टीसारखी कुई चढत जाई. तो काळा धूर म्हणजे टर्बोचा आळस. इंधन वाढवले, पण चक्राने अजून वेग घेतलेला नाही, म्हणून हवा अपुरी. मग चक्र पळू लागते, हवा पुरते आणि धूर निवळतो. गाडीत टर्बो बसवणाऱ्यांना जी लॅग नावाची अडचण सतावते, ती नगरच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेली आहे.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरलाच ब्यूखीचे निधन झाले. तो ऐंशी वर्षांचा होता. जहाजे, वीजघरे, आगगाड्या, ट्रक यांवर त्याची कल्पना राज्य करत होती. घरगुती मोटारीत मात्र ती अजून आलेली नव्हती.

मोटारीत आली आणि फसली

ती आली १९६२ साली, अमेरिकेत. ओल्ड्समोबील कंपनीच्या जेटफायर या गाडीत साडेतीन लिटरच्या इंजिनाला टर्बो जोडला होता. पण इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच चढे होते. त्यात दाबलेली गरम हवा गेली की पेट्रोल वेळेआधी भडकून नॉकिंग होई. उपाय म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली आणि त्याची वेगळी टाकी दिली. लोक ती टाकी भरायला विसरत. मग टर्बोचा दाब आपोआप कमी होई आणि गाडी सुस्त पडे. गिऱ्हाइके कंटाळली, आणि अखेर कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून दिले. दाबाला लगाम घालणारी यंत्रणा आणि रोजच्या रस्त्याचा विचार यांची नीट जुळणी करून साबने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टर्बोची गाडी आणली, तेव्हा कुठे हे गणित घरगुती वापरासाठी सुटू लागले.

मोठमोठ्या कंपनीचे इंजिनिअर जिथे फसले, तिथे गल्लीतल्या गॅरेजात एका रविवारात काम उरकेल असे समजणे कितपत शहाणपणाचे?

आधी कागद, मग पाना

म्हणून टर्बोचा बेत कागदावर सुरू झाला पाहिजे. पहिला प्रश्न हवेचा. १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते तेव्हा, दोन फेऱ्यांत एक श्वास या हिशेबाने, ३६०० लिटर हवा ओढायला हवी. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ती तीन हजार लिटरच्या आसपास धरावी. टर्बो निवडायचा तो या हवेच्या मापाने. जुन्या बाजारात ट्रकचा मोठा टर्बो स्वस्त मिळाला म्हणून बसवला, तर छोट्या इंजिनाचा धूर त्याला हलवणारही नाही. फारच लहान घेतला तर वरच्या वेगात तोच इंजिनाचा गळा आवळेल.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ. टर्बोला तेवढे जास्त राबावे लागते. एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांची हवा दीडपट दाबाला नेली, तर ती पंचाण्णव अंशांच्या घरात जाते. ती थंड करायला इंटरकूलर हवा. ती तशीच आत गेली तर नॉकिंग, आणि नॉकिंगकडे दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोक. दाब मर्यादेत ठेवणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, हवीच. वाढलेल्या हवेला पुरेसे पेट्रोल देणारा पंप आणि इंजेक्टर हवेत, आणि इंजिनाच्या संगणकातला हिशेबही जाणकाराकडून बदलून घ्यायला हवा.

तिसरा प्रश्न तेलाचा. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल घाणेरडे, कमी किंवा चुकीचे असेल तर सारा खर्च पाण्यात. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद करू नये, थोडा वेळ संथ चालू द्यावे, असे जुने चालक सांगतात ते याचसाठी. गरम दांड्यावर अडकलेले तेल जळून कोळसा होते. आणि शेवटी क्लच, ब्रेक, टायर. ताकद वाढवली आणि थांबण्याची सोय तीच राहिली, तर आईची काळजी अगदी रास्त म्हणावी लागेल.

कायदाही विसरून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीच्या पुस्तकातला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. टर्बोने गाडीची ताकद बदलते आणि धूरही बदलतो. तेव्हा आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि तो भार घरावर पडतो. देशात नव्या वाहनांना चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, आपल्याच नगरमध्ये आहे. एका बदलामागे किती चाचण्या असतात, याची जाणीव या गावाला तरी असायला हवी.

मग मुलाचा हट्ट मोडून काढायचा का? तसे नाही. त्याला सुटीच्या दिवशी नगरच्या रणगाडा संग्रहालयात न्यावे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. त्या जातीच्या गाडीचे इंजिन सव्वासात लिटरहून मोठे आणि ताकद सुमारे ८० अश्वशक्ती. आज एक लिटरचे टर्बो इंजिन शंभराच्या वर जाते. या फरकात चांगल्या इंधनाचा, धातूंचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचाही वाटा आहे, पण ब्यूखीचा वाटा मोठा. मुलाला खरीच ओढ असेल तर आधी जुने, भंगारातले इंजिन खोलू द्यावे, हवेचा आणि उष्णतेचा हिशेब वहीत मांडू द्यावा. कंपनीतूनच टर्बो बसवून आलेली गाडी घेण्याचा पर्यायही त्याच्यासमोर ठेवावा. अनेकदा तोच स्वस्त पडतो. आणि वही भरत गेली, तर कदाचित गाडीपेक्षा मोठे काहीतरी हाती लागेल.

सव्विसाव्या वर्षी कल्पना सुचणे ही देणगी असते. ती सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत सांभाळणे हे मात्र माणसाच्या हातात असते. ब्यूखीने फुकट जाणारा धूर कामाला लावला. पण त्याने मोजून पाहिल्याशिवाय काहीच फुकट धरले नाही, ना धूर, ना स्वतःची फसलेली वर्षे.